सानगडीला बहिणीची कुंडलिनी पाहायला

नागपूरच्या वहिनी, कंबर कशी आहे? वर्ध्याचे गुरुजी, खोकला गेला का? अन् परदेशातून वाचणारे आमचे जावईबापू, झोप लागते का आता? आम्ही ठीक. बिघडलं होतं ते सानगडीत.

थोरल्या बहिणीचा, शेवंताबाईचा, फोन आला. "बाबू, इथल्या योगशिबिरात माही कुंडलिनी जागी झाली! बीपीची गोळी सोडली मी." कुंडलिनीचं कौतुक वाटलं, गोळीचं ऐकून धडकी भरली. योगाची पुस्तकं मी आपली आपणच वाचून काढलीत, चक्रांची नावं उलटसुलट म्हणून दाखवतो. गोळी सोडा, असं एकातही दिसलं नव्हतं.

आंधळगावहून सकाळच्या एसटीनं भंडारा, पुढं साकोली, तिथून सानगडी. म्हातारपणाची कमाई एवढीच, तिकीट अर्धं. जाणाऱ्यांनी भंडाऱ्याच्या स्टँडवरच पोटभर खाऊन घ्यावं. शिबिरात नुसती उकडलेली मूगडाळ मिळते, तीही मौनात.

शिबिर तलावाच्या पाळीजवळच्या समाजमंदिरात. ऊर्जागुरूंनी तासभर मांडी घालून बसवलं. मग माइकवरून विचारलं, "पायांत मुंग्या कोणाला आल्या?" झाडून सगळे हात वर. "शक्ती जागी झाली!" टाळ्या. माझा डावा पाय तर इतका जागा झाला, की दोघांनी धरून उभं केलं.

शेवंताबाई पहिल्या रांगेत. लोक तिला माताजी म्हणत होते. उठताना तिचा तोल गेला. गुरू म्हणाले, "सहस्रार उघडतंय."

तिच्या शेजारचा डोमाजी गावाचा पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं, ते त्याच्या हाती. तो उभा राहिला. "गुरुजी, बहात्तर हजार नाड्या म्हणता, पाणकर किती ठेवले? आमच्या इथं चार पाटांवर डोकी फुटतेत."

गुरूंनी डोळे मिटून घेतले.

दुपारी घरी शेवंताबाईनं लाखोरीची भाजी अन् भात वाढला. डोमाजीही पंगतीला होता. "मावशी, तलाव काठोकाठ भरला, पाळ दबून राहिली, तं आपण तुडूमाचं दार उघडून पाणी काढतो. गोळी तेच करते. तू तं तुडूम बुजवून वरून आरती करून राहिली!"

"तू तुह्या पाण्याचं पाह्य, डोमा."

मी चिडलो. "बाई, काहून सोडली गोळी? त्या मुंग्यांसाठी?"

ती भाताकडं पाहत म्हणाली, "चक्कर येते, चक्कर येते, सांगून थकली मी. सून म्हणे, वय झालं. तुले फोनवर सांगतलं, तं तू मले अनाहत चक्र समजावलं. त्या गुरुजीनं खाली बसून इचारलं, माय, कवापासून होते?"

मी घास ताटात ठेवला. मीच विचारलं, "कवापासून होते, बाई?"

सांगता सांगता तिची अख्खी दुपार गेली.

दुसऱ्या दिवशी तिला ऑटोत बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी दंडाला पट्टा दोनदा आवळला अन् कडाडल्या, "आजी, गोळ्या काय देव्हाऱ्यात ठेवाले देल्या का?" बाईनं गोळी तिथंच त्यांच्यासमोर गिळली.

घरी आल्यावर गुरूंची भरपूर टिंगल लिहायचं ठरवलं होतं. लिहिलीही. पण त्यांचं ते खाली बसून विचारणं काही खोडता येईना. बाई सकाळचा प्राणायाम अजून करते, करो बापडी. गोळीही घेते, मी रोज फोन करतो, अन् चक्रांबद्दल बोलत नाही.

तुमच्या घरीही कोणी असं गोळी सोडून बसलं असेल, तर आधी त्यांच्याजवळ बसा. काय सांगतात ते ऐका, अन् मला लवकर लिहा.