नकाशातले रिकामे चौकोन

नेपरव्हिलला आले तेव्हा माझ्याकडे पुण्याची आर्किटेक्चरची पदवी होती आणि डिपेंडंट व्हिसा. नोकरी करता येत नव्हती. त्यामुळे जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीला एका घराची मोजमापं घ्यायला बिनपगारी माणूस हवाय असं कळल्यावर मी लगेच हो म्हटलं.

ते विटांचं घर मक्याच्या शेताला लागून होतं. इंग्लंडहून आलेल्या एका शेतकऱ्याने ते तिकडच्या पद्धतीने बांधलं होतं: एका थरात विटा लांबीने, वरच्या थरात फक्त त्यांची टोकं बाहेर. माती त्याच शेतातली. आता त्याच्या वंशातले एक आजोबा तिथे एकटे राहत होते. मी टेप ताणली की दुसरं टोक ते धरायचे.

मागे गोठा होता, दूध थंड ठेवायची खोली होती आणि धान्याचं कोठार. उंदीर चढू नयेत म्हणून ते छत्रीच्या आकाराच्या दगडांवर उचललेलं होतं. घराचं काम संपलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, कोठाराचंही ड्रॉइंग करशील ना? बर्फ पडायला लागला होता, बोटं आखडली होती. बर्फ वितळला की येते, असं मी म्हटलं.

वसंतात वर्क परमिट आलं, नोकरी लागली. मी ड्रॉइंग्ज तशीच देऊन टाकली. मागच्या इमारतींच्या जागी नुसते चौकोन, आणि त्यांत लिहिलं होतं, ‘इतर शेड’.

पुढे आजोबांना वृद्धाश्रमात जावं लागलं, जमीन विकली गेली. समितीने घर वाचवलं. बाकीचं पाडू नका म्हणायला समितीकडे कागदच नव्हता. बिल्डरने माझंच ड्रॉइंग पुढे केलं, त्यातल्या ‘इतर शेड’वर बोट ठेवलं आणि कोठारासकट मागचं सगळं पाडलं.

मी आजोबांना भेटायला गेले, माफी मागितली. ते रागावले नाहीत. म्हणाले, “घरात आम्ही फक्त झोपायचो. दिवस सगळा मागेच जायचा.”

घरी येऊन आठवेल तसं कोठार काढायला बसले. दगड नऊ होते की बारा, काही केल्या आठवेना. पुढच्या भेटीत त्यांनाच विचारलं. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजलं.

“नऊ असतील,” ते म्हणाले. मग डोळे उघडून, “तू मोजले नव्हतेस?”