आक्काची बरणी

माझी थोरली बहीण आक्का गेली त्याला सहा आठवडे झाले. शेवटची भेटले तेव्हा चाकणच्या घरात ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. म्हणाली, "तुझ्या दाजींना काय बोलू नगंस. माझी शपथ हाय." शपथ तू घातलीस आक्का, मी घेतली नव्हती. म्हणून आज बोलते... आणि चारचौघांत बोलते.

आक्काला महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जायचं. तेवढे दिवस पडवीत घोंगड्यावर बसायचं, वरून ओतलेलं पाणी प्यायचं. पार पांढरीफटक पडली तेव्हा हट्ट धरून मी तिला पुण्याच्या हॉस्पिटलात नेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाशयात गाठी आहेत, पिशवी काढावी लागेल. ऑपरेशन झालं. काढलेली पिशवी औषधाच्या पाण्यात घालून त्यांनी बरणी दाजींच्या हातात दिली, नदीपलीकडच्या प्रयोगशाळेत पोचवायला सांगितली. "गाठ साधी की वाईट, ते तिथंच कळेल. रिपोर्ट घेऊन या." आठवड्यानं दाजी घरी येऊन म्हणाले, "समदं ठीक हाय म्हणाले." आक्काला कोण आनंद! "आता बारा म्हैने चूल माझी," म्हणायची. सणाच्या पुरणाला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

दीड वर्षानं पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंनी आधी जुना रिपोर्ट मागितला. दाजी उठून बाहेर गेले. व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. "बरणी कुठं दिलीत?"

"अगं शांते, तसलं विटाळाचं हातात धरून बाजारातनं फिरायचं व्हय? पुलावरनं नदीत सोडली."

मेल्या, त्या पुलावरून तुलाच ढकलायला हवं होतं! आक्काला कॅन्सर निघाला, पोटभर पसरलेला. तेव्हाच कळलं असतं तर मुंबईला नेऊन विजेचे शेक देता आले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जगली असती की नाही, मला ठाऊक नाही. पण जगायची एक संधी होती तिला, आणि ह्या माणसानं हाताला विटाळ नको म्हणून ती पाण्यात टाकली. तेराव्याला लोक म्हणाले, देवाची मर्जी. देवाला कशाला मधे घेता?

आक्का गेली त्या महिन्यापासून मी बाजूला बसणं सोडलं. मागच्या गुरुवारी दाजी चिंचवडला आमच्या घरी आले. पिंपरीला मुलगी बघायला निघाले होते म्हणे... सहा आठवडे नाही झाले! मी गुमान पाट मांडला. पिठलं, भाकरी, कांदा. दोनदा मागून घेतलं. "तुझ्या हाताला तिची चव हाय गं," म्हणाले. ताट बोटानं निपटून झाल्यावर मी सांगितलं, "दाजी, आज माझा दुसरा दिवस हाय."

ते मोरीकडं धावले. ओकून ओकून डोळ्यांत पाणी आलं. सगळं होईपर्यंत मी दारात उभी राहून बघत होते. मग तांब्या भरून पुढं केला.

"घ्या, चूळ भरा," म्हटलं. "हे पाणीबी मीच भरलंय."