बुवांच्या दमाची जागा

वेळेच्या बाबतीत माझ्या मामांइतका हट्टी माणूस अख्ख्या लालबागेत नव्हता, आणि मनगटावर घड्याळ मात्र त्यांनी कधी बांधलं नाही. मामीने फोडणी टाकली की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "अगं, मोहरी घाईत तडतडली!" जिना चढणारा माणूस ते पावलांवरून ओळखत आणि वर शेरा मारत, "ह्याचा डावा पाय रेंगाळतो." गिरणीच्या संपात माग सुटला, पखवाज तेवढा हातात राहिला. त्याच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मामीनेच मळलेली हवी. घरात मूठभर पीठ उरलं होतं त्या दिवशी मामी म्हणाली, "आज कणीक पखवाजाला लावू की तुम्हाला चपाती करू?" मामांनी शांतपणे पखवाजाकडे बोट दाखवलं.

चाळीच्या भजनात गायचे ते गिरणीत मामांच्याच खात्यात काम केलेले एक बुवा. कापसाच्या धुळीने त्यांची छाती धरली होती. ओळ संपताना त्यांना दम लागायचा. मामा त्यांच्या गळ्याकडे बघत वाजवायचे आणि दम परत येईपर्यंत समेची थाप रोखून धरायचे. कधी कमी, कधी जास्त.

बुवा गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी मी दादरला छोटा स्टुडिओ काढला. मामांची बोटं तोवर सुजू लागली होती, डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला सांगितलं होतं, म्हणून एकदा त्यांचं वादन रेकॉर्ड करून ठेवावं असं मी ठरवलं. कानात तालाचा क्लिक सुरू होताच त्यांनी हेडफोन काढला. "हा कोण टुकटुक करतोय? गिरणीतला मुकादम जॉबर अजून पाठीशी उभा आहे काय?"

क्लिक बंद करून ते वाजवून गेले. नंतर मी कॉम्प्युटरवर मागे राहिलेली प्रत्येक थाप ओढून सरळ रेषेवर बसवली. त्यांची चूक झाकतोय असं मला वाटत होतं. मूळचं ठेवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी ते डोळे मिटून ऐकलं.

"सगळं आहे रे. बुवा कुठाय?"

"बुवा कुठे गात होते, मामा?"

"गात नव्हता. दम घेत होता. ती जागा तू बुजवलीस."

मूळचं पुसलं गेलंय, हे मी सांगून टाकलं. ते ओरडतील असं वाटलं. त्यांनी नुसती सुजलेल्या बोटांना बांधलेली पट्टी सोडली. "जा, मामीकडून कणीक घेऊन ये."

कणीक लावून ते पुन्हा वाजवायला बसले. तिसऱ्या आवर्तनातच त्यांच्या कपाळावर घाम आला. समेपाशी हात वर थांबला. काचेपलीकडून मी बघत होतो. इतका वेळ ते कधीच थांबले नव्हते. हात आता उतरत नाही, असं वाटून मी खुर्चीतून अर्धा उठलो. तेवढ्यात मामांनी समोरच्या रिकाम्या जागेकडे बघून मान किंचित हलवली आणि थाप पडली.

बाहेर आल्यावर म्हणाले, "आज फार दमला होता रे."

ते त्यांचं शेवटचं वादन. मामा गेल्यापासून मी लालबागला गेलो की मामी ते लावायला सांगते. ती जागा आली की पदर मुठीत धरून बसते. थाप पडते. "आले," म्हणते, आणि उठून कणीक मळायला घेते.