आग्या मोहोळाचा कडा

त्या कड्यावरची ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

मी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातल्या घाटाकडच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. हद्दीतलं शेवटचं गाव सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेलं. थंडी पडली की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं तिथे येत. तंबूत राहायचं, शेकोटीभोवती गाणी म्हणायची आणि सकाळी कड्यावरून दोराने खाली उतरायचं. मी समुद्राकाठी वाढलेला. मुद्दाम थंडीत कुडकुडायला येणाऱ्या लोकांचं मला नवल वाटे.

त्या रविवारी ठाण्यात फोन आला. कड्यावर आग्या माश्या उठल्या होत्या, एक तरुण दोरावर अर्ध्यात अडकला होता. आम्ही पोचलो तोवर त्याला वर घेतलेलं होतं. चेहरा ओळखू येत नव्हता. त्याला रत्नागिरीला हलवलं आणि बाकीच्यांना गावाजवळच्या आरोग्य केंद्रात नेलं.

शिबिराच्या आयोजकाने तिथेच फिर्याद दिली. कड्याखालून कुणीतरी धूर केला, त्यामुळे माश्या चवताळल्या, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने संशयितही सांगितला. गावात तात्या म्हणून ओळखले जाणारे पन्नाशीचे गृहस्थ. ते धूर करून मध काढत. शिवाय मागच्याच आठवड्यात कड्यावर बाटल्या फोडण्यावरून त्यांचं आयोजकाशी कडाक्याचं भांडण झालेलं. गटातल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, "आम्ही दोर लावला आणि खालून धूर आला."

मी तात्यांना ठाण्यात बोलावलं. हात आणि मान सुजलेली, डोळा मिटलेला. माझ्यासमोर बसले ते रागानेच.

"सायेब, तो पोर दोराव लटकलेला. ही सगली त्याला टाकून गाडीत जाऊन बसली. घोंगडी घेऊन आमी तिघं गेलो नि त्याला वर वढला. आता मलाच इचारता?"

"धूर होता का?"

"व्हता. पण खालून नव्हता. वरच व्हता."

"कसला?"

"मी पोराला बघू का धुराला?"

एवढं बोलून त्यांनी मान फिरवली. स्वतःची बाजू पटवून देण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. बाहेर पर्यटकांच्या नातेवाइकांची गर्दी वाढत होती. आरोपीला अजून अटक का नाही, असे वरून फोन येत होते. सर्वांचे जबाब तात्यांच्या विरोधात होते. त्यांना अटक केली असती तर कुणीही मला नाव ठेवलं नसतं. पण मला तो एकसारखा जबाब खटकत होता. चार माणसांनी एकच घटना पाहिली तर ती चार तऱ्हांनी सांगतात. इथे शब्दसुद्धा बदलत नव्हता. मी तात्यांना घरी जाऊन औषध घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरचा फोन आला. "साहेब, महत्त्वाचं आहे का माहीत नाही. एका मुलाच्या डोक्यातले काटे काढले, तर केसांत गुलाबी रंग निघाला. कॉलरवरही आहे. धुराचा वास येतोय."

मी लगेच केंद्रात गेलो आणि गटातल्या प्रत्येकाशी वेगळं बोललो. कुणाला घरी कधी सोडणार याची काळजी होती, कुणाला आपलं नाव बातमीत येईल याची. एका मुलीने मात्र आत येताच विचारलं, "तो शुद्धीवर आला का?" मी म्हणालो, "अजून नाही." मी तिला रंगाबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणालो, "त्याला ज्यांनी वर ओढलं, त्यांच्यावरच गुन्हा दाखल करायचा आहे. तुझी सही लागेल."

ती रडू लागली. मग सगळं सांगितलं. व्हिडिओ छान यावा म्हणून आयोजकाने रंगीत धुराची नळकांडी आणली होती. मित्र दोरावर असताना त्याने एक पेटवून कड्यावरून खाली सोडलं. धूर कपारीत शिरला, तिथेच आग्या माश्यांची पोळी होती. पळून गाडीत बसल्यावर आयोजकाने सगळ्यांचे व्हिडिओ पुसायला लावले आणि काय सांगायचं ते पढवलं. पण तिने माश्या उठायच्या आधीच आपला व्हिडिओ बहिणीला पाठवला होता. त्यात आयोजकाचा हात आणि गुलाबी धूर स्पष्ट दिसत होता.

व्हिडिओ असला तरी मला ते नळकांडं हवं होतं. सोमवारी ते कड्याच्या मधल्या टप्प्यावर, कारवीच्या झुडपांत अडकलेलं दुर्बिणीतून दिसलं. दुसऱ्या दिवशी पहाटे, माश्या थंडीने गारठलेल्या असताना, खाली उतरायचं ठरलं. बचाव पथकाची मुलं तयार होती. पण मुद्देमाल पोलिसानेच ताब्यात घ्यायला हवा होता. मी कर्मचाऱ्यांकडे पाहिलं. समुद्राकाठच्या बुरोंडीकडची एक महिला शिपाई पुढे झाली.

"सर, मी जाते."

"आधी कधी उतरली आहेस?"

"नाही. पण पथक आहे ना सोबत."

माश्यांपासून बचावासाठी ती डोक्यापासून पायापर्यंत झाकून घेऊन उतरली. वर पंच आणि मी उभे होतो. तिने जागेवरच फोटो काढले, नळकांडं पिशवीत घातलं आणि वर येऊन माझ्या हातात दिलं. पिशवीवरचा मजकूरही तिने स्वतःच लिहिला. त्या पंचनाम्यावर सही करताना मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा मला मिळालेल्या पोलीस पदकाचाही वाटला नव्हता.

आयोजकाला समोर बसवून मी पिशवी टेबलावर ठेवली. "असलं नळकांडं कुणाचंही असू शकतं," तो म्हणाला. मी व्हिडिओ लावला. तो पुरता संपायच्या आतच त्याने पाणी मागितलं. निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातल्याबद्दल आणि खोटी माहिती दिल्याबद्दल त्याला अटक झाली. पुढे न्यायालयात गुन्हा शाबित झाला.

तो तरुण वाचला. बरा झाल्यावर आईला घेऊन तात्यांच्या अंगणात आला. आईने तात्यांचे हात हातात घेतले. तात्यांनी ते सोडवून घेतले आणि आत ओरडून सांगितलं, "चाय ठेव गो. पावणी आलीत."

नोकरीत मी बऱ्याच जणांना बेड्या घातल्या. त्यातले चेहरे आता पुसट झाले आहेत. पुरावा कमी आणि घाई सगळ्यांना, अशा वेळी अधिकाऱ्याने थांबायला शिकलं पाहिजे, हे मला त्या कड्याने शिकवलं. आजही भाट्याच्या किनाऱ्यावर फिरताना कुणी विचारतं, "साहेब, तुमची सगळ्यात मोठी कामगिरी कोणती?" तेव्हा मी त्यांना त्या रविवारी न केलेल्या अटकेबद्दल सांगतो.