तीन सालांवरच्या फायली

बाळांनो, आपला कॉम्प्युटर कुणालाही वापरायला देऊ नका, असं मी का बजावते ते ऐका.

आदिलाबादला आमच्या शेजारी महसूल कचेरीतला एक कारकून राहायचा. माणूस अतिशय नीटनेटका. आमच्याकडे आला की चपला बाहेर काढून, हात धुऊन, रुमालाला पुसून मगच तो कीबोर्डला हात लावायचा. "बाई, पाचच मिनिटं," म्हणत तासभर लोकांचे अर्ज टाईप करायचा, तेही प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत. चहा मात्र कधी घेतला नाही. "तुमची मशीन वापरून राह्यलो, वरून चहा काऊन?"

एका दुपारी उठताना तो खुशीत म्हणाला, "बाई, मशीन भरून गेल्ती. तीन सालांवरच्या सगळ्या फायली पुसून टाकल्या. आमच्या दप्तरात बी असंच करतो आमी."

तुमच्या आजोबांनी शेवटच्या आजारपणात तुमच्यासाठी आपलं बालपण सांगितलं होतं. मी ते शब्दन् शब्द टाईप केलं होतं. ते त्याच फायलींत होतं आणि दुसरी प्रत नव्हती.

"मला विचारायचं तरी!" मी ओरडले. आयुष्यभर शिकवताना वर्गातसुद्धा मी इतकी ओरडले नव्हते.

तो खरोखरच गोंधळला. "पन बाई, तुमच्या साहेबांना जाऊन तीन सालं होऊन गेले. आता कोनाला लागतात त्या?"

मी त्याला दार दाखवलं. तुम्हाला लागत होत्या. आता त्या गोष्टी मी सांगते, पण माझ्या शब्दांत. त्यांचे शब्द त्या माणसाने परस्पर निकाली काढले.