पिवळ्या पत्रकातला माणूस

अन्याय झाला तो कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या एका फिटरवर. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी आठ वाजता, हंगामाचा पहिला भोंगा वाजत असताना. वॉचमन त्याला गेटवरच म्हणाला, "मिस्त्री, आत जाऊ नोका. साहेबांनी सांगतलं." जेवणाचा डबा हातात धरून तो तसाच घरी परतला.

अन्याय करणाऱ्याचं नाव ठणकावून सांगायची आमच्या पत्रकांची रीत आहे. इथे अन्याय करणारी मी आहे. त्याचं नाव मात्र लिहिणार नाही. ते मी एकदा छापून बसले आहे. दिग्रस भागात जिनिंग पुष्कळ आहेत, त्यातली कोणती ते शोधत बसू नका.

मी दारूबंदी संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती. काम म्हणजे सह्या गोळा करणं, बैठका घेणं आणि पत्रकं लिहिणं. तेव्हा एका गावात मतदान जवळ आलं होतं. हे मतदान फक्त बायकांचं असतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. प्रचाराला एक जोरदार पत्रक हवं होतं.

त्याच आठवड्यात मी दारू सोडलेल्या लोकांच्या बैठकीला गेले. एरवी तिथे बाहेरच्यांना प्रवेश नसतो. महिन्यातून एकदा घरच्यांसाठी, पाहुण्यांसाठी दार उघडतात. शाळेच्या एका खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्या. सुरुवातीलाच एका म्हाताऱ्याने नियम सांगितला, की इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, आडनाव विचारायचं नाही. मला तो नियम भित्रा वाटला.

मिस्त्री उठले आणि म्हणाले, "मी दारुडा आहे." मग सांगितलं, की तीन वर्षं झाली, थेंब घेतला नाही. शेवटी ते ढसाढसा रडले. मी भारावून गेले. बाहेर आल्यावर विचारलं, "तुमची गोष्ट वापरू?"

"वापरा ना. कोणाचं भलं होत असन तं वापरा."

गोष्ट म्हणाले होते. मी नाव ऐकलं.

कमलताई आमच्या तालुकाप्रमुख. त्यांना मजकूर दाखवला तर म्हणाल्या, "पूर्ण नाव कुठंय? बिननावाचं पत्रक म्हंजे अफवा." मग मी शाळेसमोरच्या चहावाल्याला मिस्त्रींचं आडनाव विचारलं. त्याने कामाचं ठिकाणही सांगितलं. फोटो तर मी बैठकीतच काढला होता.

पत्रक पिवळ्या कागदावर निघालं. वर फोटो, नाव, आणि मोठ्या अक्षरांत त्यांचंच वाक्य: मी दारुडा आहे. बाजारच्या दिवशी आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे वाटले. बायका थांबून वाचत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक कोणी भज्यांना गुंडाळलं नाही.

सोमवारी दुपारी मिस्त्रींच्या बायकोचा फोन आला. "बाई, हे तुमीच छापलं का? काहून छापलं?" नवऱ्याला गेटवरूनच परत पाठवल्याचं तिनेच सांगितलं. मी थेट जिनिंगवर गेले. अन्याय दिसला की गेटवर जायचं, एवढंच मला शिकवलं आहे.

मॅनेजरच्या टेबलावर पिवळं पत्रक होतं.

"तुम्ही माणसाला असं काढू शकत नाही," मी म्हणाले.

"मॅडम, पत्रक कोणाचं?"

"आमचं."

"मंग वाचा. काय लिवलं? मी दारुडा आहे. होतो नाई लिवलं."

मी समजावलं. त्या बैठकीत दहा वर्षं दारू सोडलेला माणूसही 'आहे' असंच म्हणतो. हा आजार जातो असं ते मानत नाहीत, रोज दूर ठेवतात. म्हणून 'आहे' म्हणणारा माणूस उलट सावध असतो.

"असन बाप्पा. पण हे आमाले कसं समजावं? आता पलटवा."

मी पत्रक पलटवलं. मागे आमच्या मागण्या. चौथी मागणी: दारुड्याला कामावर ठेवू नका.

"तुमचं आयकलं तं तुमी भांडाले आल्या," मॅनेजर म्हणाला. "रोलरजवळचं काम हाये. कोणाचा हात गेला तं तुमची संघटना जबाबदार राहीन का?"

ती ओळ आमच्या प्रत्येक पत्रकात असते. कपाटातल्या जुन्या, कडा झिजलेल्या पत्रकांतही आहे. मी ती न वाचता उतरवली होती.

आमच्या चळवळीची सगळी ताकद नाव घेण्यात आहे. जुन्या बायका सांगतात, भट्टीवाल्याच्या दारात उभं राहून त्याचं नाव घेतलं तेव्हा कुठे भीती गेली. दारू सोडणाऱ्यांची चळवळ नेमकी उलटी वाढली. आडनाव नाही, फोटो नाही, एक सुटलेला दुसऱ्याला हात देतो, बस्स. दारू एकच, वाटा दोन. यात चूक कोणती, मला अजून कळत नाही.

मिस्त्रींच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून चांगला चालू असलेला पंखा खोलत होते.

"मी दुसरं पत्रक काढते. गेटवर मोर्चा आणते," मी म्हणाले.

"अजून एक पत्रक?" त्यांनी हात जोडले. "पोरी, मले तुया राग नाई. पण रिकाम्या हाताची लई भीती वाटून राह्यली. दिवसभर काय करू, थे सांग."

मी मोर्चाचा विषय तिथेच सोडून परतले. तो बैठकीतला म्हातारा मात्र रोज सकाळी त्यांच्याकडे येऊन बसू लागला. दोघं मिळून घरातली एकेक वस्तू खोलायचे, पुन्हा जोडायचे.

मतदानात आडवी बाटली जिंकली. दुकान बंद झालं. बायका म्हणतात, पिवळ्या पत्रकाने काम केलं. कमलताईंनी माझी पाठ थोपटली. मिस्त्रींचा हंगाम गेला. आता ते एका वेल्डिंगच्या दुकानात अर्ध्या कामावर आहेत. प्यायलेले नाहीत. त्या बैठकीतले आणखी दोघे जण मात्र, पुढचा फोटो आपलाच या भीतीने, यायचे बंद झाले. त्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

चौथी मागणी मी खोडली आहे. कमलताई अजून वाद घालतात.

राहिला प्रश्न तुमचा. ते पिवळं पत्रक तुमच्या घरात, दुकानात, फोनमध्ये असेल, तर आज काढून टाका. फाडा, पुसा. आणि त्याआधी वरचं नाव वाचू नका.