एलिश्काचं रिकामं ताट

आमच्या घराण्यात आजवर कोणीही आंतरराष्ट्रीय सामना हरलेलं नव्हतं. (खेळलंच नव्हतं कोणी!) हा विक्रम गेल्या उन्हाळ्यात इथे कॅनडात, मार्कहॅममध्ये मोडला, आणि तो मोडण्यात खेळाडूपेक्षा तिच्या बापाचा, म्हणजे माझा, हात जास्त आहे.

माझी मुलगी सई बॉक्स लॅक्रॉस खेळते. उन्हाळ्यात हॉकीच्या रिंगणातला बर्फ काढून टाकतात आणि खालच्या सिमेंटवर ही पोरं, जाळी लावलेल्या काठ्या घेऊन, एका रबरी चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर धावून जातात. गोलकीपरने तर इतकं जाड चिलखत चढवलेलं असतं, की आत माणूस आहे की गादी, ते कळत नाही. दर जुलैत आमच्याकडे याची मुलामुलींची स्पर्धा भरते, देशोदेशींचे संघ येतात, आणि उद्घाटनाला एक म्हातारे गृहस्थ स्पर्धेचा इतिहास सांगतात. हा खेळ इथल्या मूळ लोकांचा. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणूनही ते तो खेळतात. स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी परगावच्या संघाची राहायची सोय ऐनवेळी बारगळली, तेव्हा गावातल्या लोकांनी पोरं आपापल्या घरी वाटून नेली. तेव्हापासून पाहुण्या खेळाडूंनी हॉटेलात नाही, कोणाच्या तरी घरी राहायचं, ही इथली रीत.

माझ्या बायकोचा, मेघनाचा, इतिहास वेगळा होता. तिला कोण जिंकलं ते कधीच आठवायचं नाही. "अरे, ते नाही का, आयरिश पोराने ठेचा ब्रेडला फासला ते वर्ष!" असा तिचा हिशोब. गेल्याच्या आदल्या जुलैत ती भर उन्हाळ्यात डोक्याला स्कार्फ बांधून प्रेक्षकांत बसली होती. म्हातारबुवा आजारी माणसाचं सांगायला लागल्यावर मला कोपर मारून म्हणाली, "ऐकलंस? माझ्यासाठी खेळतायत सगळे!" पुढच्या फेब्रुवारीत ती गेली. खेळाचा गुण आला नाही.

तिच्या आजारपणात नागपूरहून आलेल्या सासूबाई अजून आमच्याकडेच आहेत. परत जायचा विषय त्या काढत नाहीत, मीही काढत नाही. त्यांचं हसणं थेट मेघनासारखं आहे, आणि त्या गेल्या तर ते हसणंही जाईल. (हल्ली त्या फारशा हसत नाहीत, तो भाग वेगळा.)

स्पर्धेच्या बाईंचा फोन आला, या वर्षी पाहुणे नकोत ना, आम्ही समजू शकतो. मी म्हणालो, "नो नो, वी विल टेक वन!" घर इतकं शांत झालं होतं, की मी दोन गोलकीपरसुद्धा घेतले असते.

आता बेसमेंटमधल्या फ्रीजरबद्दल सांगायला हवं. मेघनाने डिसेंबरमध्ये, उभं राहवत नसताना, खुर्चीवर बसून होळीच्या पुरणपोळ्या करून ठेवल्या होत्या. होळीच्या आधीच ती गेली. होळीला कोणी फ्रीजर उघडला नाही. नंतर एकदा मी ते पाकीट नुसतं हातात घेतलं, तर सई मागून म्हणाली, "बाबा, डोन्ट. ते आईचं शेवटचं आहे." तेव्हापासून ते पाकीट देवघरातल्या मूर्तीसारखं वाटाण्यांखाली बसून होतं. मीही दिवसाआड वाटाण्याच्या निमित्ताने दर्शन घेऊन यायचो.

पाहुणी आली ती चेक संघाची गोलकीपर, एलिश्का. दारातून वाकून आत शिरली एवढी उंच, आणि स्वभावाने गाय. सई तेव्हा सरावाला गेली होती. सासूबाईंनी वरणभात, बटाट्याची भाजी, पोळ्या असा साधाच बेत केला होता. एलिश्काने ताट अगदी चाटूनपुसून स्वच्छ केलं.

"बाप्पा! पोरगी उपाशीच होती की काय!" सासूबाईंनी पुन्हा वाढलं.

पोरीने पुन्हा ताट स्वच्छ केलं. सासूबाईंनी पुन्हा वाढलं. पानात काही टाकायचं नाही ही तिच्या घरची शिस्त, आणि पाहुण्याचं पान रिकामं दिसू द्यायचं नाही ही आमच्या घरची! दोन सभ्य घराणी एका ताटावर समोरासमोर उभी ठाकली होती, आणि माघार कोणीच घेईना. मी मध्ये पडायला हवं होतं, पण मी पडलो तो "हॅव मोअर, हॅव मोअर" करत सासूबाईंच्याच बाजूने. एलिश्काचे कान लाल झाले. वरण संपलं. भात संपला. उद्याच्या डब्याची भाजीही संपली.

"जावईबापू, पाहून काय राहिले? आणा ना काही! पोरीचं ताट रिकामं आहे!"

मी बेसमेंटमध्ये धावलो. तिथला बल्ब फेब्रुवारीपासून गेलेला, कारण बल्ब बदलणं हे मेघनाचं खातं. दुकानातल्या फ्रोजन पराठ्यांची पिशवी हाताला ओळखीची होती. ती चाचपून ओढली, वर येताच आख्खी मायक्रोवेव्हमध्ये कोंबली आणि बटण दाबलं. इथे मी एक गोष्ट विसरलो. आमच्या घरात कुठल्याही डब्यात त्याच्यावर लिहिलेली वस्तू कधीच नसते! आइस्क्रीमच्या डब्यात खोबरं, श्रीखंडाच्या डब्यात सुया. मग पराठ्याच्या पिशवीत पराठेच कशावरून?

मायक्रोवेव्ह उघडला आणि जायफळाचा वास आला.

सासूबाईंचा हात तव्यावर तसाच थांबला. मी पिशवी बघितली. हाताला ओळखीची होती ती दिवसाआडच्या दर्शनामुळे, पराठ्यांमुळे नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. मागे एलिश्का रिकामं ताट धरून, जगातली सगळ्यात नम्र पोरगी, शिक्षेची वाट पाहत बसली होती. पुरणपोळ्या मऊ पडल्या होत्या, त्या काही परत गोठणार नव्हत्या. मला रडू फुटलं. सासूबाईंनी मात्र पदराने डोळे टिपले, तव्यावर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "पाहुण्यासाठीच करायची ती. वाढा."

मी वाढल्या. एकामागून एक, एलिश्काने संपवल्या. शेवटची पोळी ताटात पडली आणि दारात सईची बॅग आपटली.

"व्हॉट इज दॅट स्मेल?"

 "वाटाणे," म्हणत मी टेबलाकडे बोट दाखवलं. (वाटाणे तिथे नव्हते.) सईने पिशवी पाहिली, ताट पाहिलं, आणि तिचा चेहरा असा झाला, की मला वाटलं ही आता या घरात मला कधीच हाक मारणार नाही.

तेवढ्यात एलिश्काने ताट हळूच तिच्याकडे सरकवलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "प्लीज. हेल्प मी."

सई टेबलापाशी आली. मग खुर्ची ओढून बसली. "यू क्लीन्ड द प्लेट? ओ माय गॉड. यू कान्ट क्लीन द प्लेट! दे विल नेव्हर स्टॉप." तिने स्वतःचा पंजा ताटावर आडवा धरून दाखवला. "तीनदा नो म्हणायचं, आणि असा हात ठेवायचा. माय मॉम टेल्स एव्हरीवन ऑन द फर्स्ट डे."

टेल्स म्हणाली ती. टोल्ड नाही.

तेव्हा मला कळलं, इतक्या वर्षांचे आमचे पाहुणे जिवंत घरी कसे गेले ते! मेघना आम्हाला वाढायला लावायची आणि पाहुण्यांना आमच्यापासून वाचवायचीही. हे दुसरं काम कोणाकडे सोपवायला तिला वेळ मिळाला नाही. सईने शेवटच्या पोळीचे चार तुकडे केले आणि चौघांच्या हातावर एकेक ठेवला. आम्ही ते खाल्ले. फार गोड होती पोळी. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सईचा संघ विरुद्ध चेक संघ. लॅक्रॉसचा गोल असतो एवढासा, आणि त्यापुढे एलिश्का नुसती उभी होती. तिला हलताच येत नव्हतं! सईने मारलेला प्रत्येक चेंडू तिच्या पोटावर आपटून परत आला. आमचा संघ सपाटून हरला. सासूबाई मात्र बाकावर उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या, "माझं तूप आहे त्या पोटात!" आणि हसल्या. अगदी मेघनासारख्या.

एलिश्का गेल्यावरच्या रविवारी मी जाहीर केलं, की आता पोळ्या मी करणार. सासूबाई शेजारी उभ्या राहून सांगत होत्या आणि कपाळाला हात लावत होत्या. पुरण एकीकडून बाहेर आलं, पोळी दुसरीकडे गेली, तव्यावर धूर झाला, स्मोक अलार्म वाजला. उरलं ते मी सईच्या ताटाजवळ नेलं. तिने पंजा आडवा धरला. "नो. नो. नो." मी बापच, पोळी तिच्या हातावरच वाढली.

तिने एक घास खाल्ला. बराच वेळ चावला.

"बाबा, ही फ्रीजरमध्ये ठेव," ती म्हणाली. "हिला कोणी कधीच हात लावणार नाही."